सडव्यातले बुडबुडे आणि ब-१ चा एक कार्बन

मोहफुलांचा हंगाम आला की गडचिरोली-चंद्रपूरकडच्या पेपरात ‘मोहाचा सडवा नष्ट’ ही बातमी ठरलेली (सडवा म्हणजे दारूसाठी आंबवत ठेवलेली मोहफुलं). तिच्यावर पानठेल्यावरची चर्चाही ठरलेली: नवसागर टाकल्याशिवाय नशा चढत नाही म्हणे! साफ खोटं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यातून यीस्टला फार तर नायट्रोजन मिळेल. दारू होते ती फुलातल्या साखरेची.

यीस्ट सहा कार्बनच्या ग्लुकोजपासून तीन-तीन कार्बनची दोन पायरुवेटं बनवतं. इथवर आपल्या स्नायूंतही हेच चालतं. पुढचं एन्झाइम मात्र आपल्याकडे नाही: पायरुवेट डीकार्बॉक्सिलेज. त्याची अडचण अशी, की पायरुवेटमधून कार्बन डायऑक्साइड तोडला तर मागे उरणारे दोन इलेक्ट्रॉन ठेवायचे कुठे? प्रथिनाच्या स्वतःच्या घटकांत तशी सोय नाही. म्हणून ते ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, दोन फॉस्फेट जोडलेल्या रूपात मॅग्नेशियमच्या आधाराने धरून बसतं.

थायामिनमध्ये पाच अणूंचं एक कडं असतं. त्यातल्या गंधक आणि धनभारित नायट्रोजनच्या मधे एक कार्बन आहे. त्याचा प्रोटॉन रेणूचंच दुसरं कडं ओढून घेतं, आणि उरलेला ऋणभारित कार्बन पायरुवेटच्या मधल्या कार्बनला जाऊन चिकटतो. आता कडेचा कार्बन डायऑक्साइड निसटतो. त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन, वहीत उधारी मांडून ठेवणाऱ्या किराणावाल्यासारखा, तो नायट्रोजन सांभाळतो. मग प्रोटॉन येतो, हिशेब चुकता होतो, दोन कार्बनचं अ‍ॅसिटाल्डिहाइड सुटतं आणि थायामिन पुढच्या पायरुवेटसाठी मोकळं. हा कार्बन 1958 साली रोनाल्ड ब्रेस्लो यांनी दाखवून दिला. अ‍ॅसिटाल्डिहाइडची दारू दुसरं एन्झाइम करतं.

थायामिन खर्चच होत नाही, त्यामुळे थोडकं पुरतं. जास्त टाकून साखरेतून जास्त दारू निघत नाही. (थकवा आला की उठसूट बी-कॉम्प्लेक्सची सुई टोचून घेणाऱ्यांनीही हे ऐकावं, कमतरता नसेल तर जादा ब-१ लघवीवाटे जातं.)

बिघडतं ते भलत्याच कारणांनी. मेच्या उन्हात ड्रम चाळिशीपार तापला की यीस्ट मंदावतं. हवा लागत राहिली तर जिवाणू दारूचं अ‍ॅसेटिक आम्ल करतात, सडवा आंबट होतो. झाकण घट्ट बसवलं तर वायूच्या दाबाने उडतं. 10 किलो ग्लुकोज पूर्ण आंबलं तर सुमारे 4.9 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे जवळपास पावणेतीन हजार लिटर. तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, ड्रमच्या तोंडाशी साचतो. सडवा ओतून द्यायला गेलेल्यांनीही आत डोकं घालून पाहू नये.