रोज एक मिलिमीटर

ब्राझीलचे पियानोवादक जुआंव कार्लोस मार्तिन्स १९६५ मध्ये न्यूयॉर्कला फुटबॉल खेळताना उजव्या हातावर पडले. तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते आणि बाखच्या रचना वाजवणारा कलाकार म्हणून त्यांचं नाव होऊ लागलं होतं. कोपरापाशी अल्नर मज्जातंतूला इजा झाली आणि पुढे उजव्या हाताच्या तीन बोटांची ताकद गेली, स्नायू सुकले. अशी दुखापत आपल्याकडच्या तबलजीला, पेटीवाल्याला, सतारियालाही होऊ शकते. दुचाकीवरून पडणं, कोपराचं हाड मोडणं एवढं पुरतं. मग हाड जुळतं, प्लास्टर निघतं, घरचे म्हणतात "आता वाजव", आणि हात काही वाजवत नाही. असं का होतं, हे प्रत्येक वादकाला ठाऊक असायला हवं.

कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या याच मज्जातंतूच्या. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या मागे एक खोबण असते. तिथे हा तंतू कातडीच्या लगेच खाली असतो, वर स्नायूचं संरक्षण जवळजवळ नाही. करंगळी आणि अर्ध्या अनामिकेची संवेदना तो सांभाळतो. पंजातले बहुतेक छोटे स्नायूही त्याच्याच हुकमावर चालतात. बोटं फाकवणं, जवळ आणणं, अंगठा तर्जनीकडे दाबणं ही त्यांची कामं. अंगठा आणि तर्जनीच्या बाजूमध्ये कागद धरा आणि कुणाला तरी ओढायला सांगा. हा तंतू दुबळा असेल तर अंगठ्याचं पेर वाकतं, कारण शरीर दुसऱ्या स्नायूकडून काम भागवू पाहतं.

आता तबल्यावरचा 'ना' हा बोल आठवा. अनामिका शाईच्या कडेला टेकलेली, तर्जनी तिच्यापासून फाकून चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, आपटते. अनामिकेचा तो हलका, नेमका दाब आणि तर्जनीचं फाकणं, दोन्ही अल्नरच्या भरवशावर. पेटीवर सप्तकाचा पल्ला घेताना पंजा उघडतो तोही त्याच्याच जोरावर. डबा उचलता येतो, सही करता येते, म्हणून बाकीच्या जगाच्या लेखी हात बरा झालेला असतो. कलाकाराच्या लेखी तो अजून आजारी आहे, आणि माझ्या मते कलाकाराचाच निकष खरा मानायला हवा.

तंतू तुटला की तुटल्या जागेपुढचा त्याचा भाग मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकावर हे दाखवलं. पण तंतूला वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशी टिकतात, जुना कचरा साफ करतात आणि मोकळ्या नळ्यांसारखी वाट तयार ठेवतात. वरच्या जिवंत टोकाला नवे अंकुर फुटतात आणि ते या वाटेने खाली सरकतात. वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपरापासून पंजातल्या स्नायूंपर्यंत अंतर पंचवीस-तीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण आठ ते दहा महिने. फ्रेंच डॉक्टर झ्यूल तिनेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करताना या वाढीची एक खूण १९१५ मध्ये नोंदवली: तंतूच्या वाटेवर बोटाने टिचकी मारत गेलं की जिथे कोवळे अंकुर पोचलेत तिथे झिणझिण्या येतात. महिन्या-महिन्याने ही जागा मनगटाकडे सरकत जाते. मला ही तपासणी फार आवडते. यंत्र नाही, सुई नाही, आणि रुग्णाला स्वतःच्या हातात चाललेली वाढ जाणवते.

खरी अडचण आहे ती स्नायूंची. हुकूम येणं थांबलं की ते झिजत जातात आणि साधारण वर्ष-दीड वर्षात तंतू परत आला तरी त्याला प्रतिसाद देण्याची क्षमता बरीचशी गमावतात. म्हणून इजा कोपराच्या वर, काखेकडे असेल तर नुसतं वाट बघणं महागात पडतं. हल्ली शल्यविशारद मनगटाजवळच्या एका स्नायूला जाणारी मज्जातंतूची शाखा कापून अल्नरच्या पंजाकडे जाणाऱ्या भागाला जोडतात. तो स्नायू हात पालथा करायला मदत करतो, पण त्या कामाला दुसरा स्नायू असतोच. अंतर उरतं मोजक्या सेंटिमीटरचं. मात्र असा निर्णय वेळेत व्हावा लागतो. धारदार वस्तूने तंतू कापला गेला असेल तर पहिल्या काही दिवसांतच शस्त्रक्रिया हवी. नुसता मार असेल तर डॉक्टर सहसा तीनेक महिने लक्ष ठेवतात. "होईल हळूहळू" म्हणत वर्ष घालवणं हा या दुखापतीतला सगळ्यात वाईट सल्ला आहे.

तंतू पोचला तरी काम संपत नाही. काही अंकुर चुकीच्या स्नायूत शिरतात, जणू घराचं वायरिंग बदलल्यावर पंख्याच्या बटणाने दिवा लागावा. मेंदूला नवी जोडणी शिकावी लागते. म्हणून डोळे मिटून खडबडीत-गुळगुळीत, नाणं-बटण ओळखण्याचा सराव देतात. वादकाने तो कंटाळवाणा समजून सोडू नये. याच काळात मनातला रियाजही कामी येतो. १९९५ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात पियानो न येणाऱ्यांना पाच बोटांचा एक पलटा दिला होता. रोज दोन तास, पाच दिवस. काहींनी तो प्रत्यक्ष वाजवला, काहींनी हात न हलवता मनात वाजवला. दोन्ही गटांच्या मेंदूत त्या बोटांचा नकाशा सारखाच विस्तारला. वाजवण्यात मनातला गट थोडा मागे होता, पण दोन तास प्रत्यक्ष सराव मिळताच त्याने दुसऱ्याला गाठलं. हात झोळीत असताना तबल्याचा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, डोळ्यांसमोर, बोटाबोटाने वाजवणं हा वेळ घालवण्याचा प्रकार नाही.

मार्तिन्स यांच्या वाट्याला पुढेही कमी आलं नाही. १९९५ मध्ये बल्गेरियात सोफियाला लुटारूंनी डोक्यात वार केला आणि उजव्या हाताची हालचाल पुन्हा बिघडली. नंतर डावाही हात गेला. ते संगीत संचालनाकडे वळले. २०१६ मध्ये रिओच्या पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात त्यांनी ब्राझीलचं राष्ट्रगीत पियानोवर वाजवलं. २०२० च्या सुमारास एका औद्योगिक डिझायनरने त्यांना हातमोजे करून दिले. पट्टी दाबून झाली की बोट वर उचलणाऱ्या स्प्रिंगसारख्या सळ्या त्यात आहेत. तोवर ते मुख्यतः अंगठ्यांनी वाजवत होते. हे मोजे घालून दहाही बोटं पट्ट्यांवर आली.

पडझड न होताही अल्नरला त्रास होतो. कोपर पूर्ण दुमडलं की तो ताणला जातो आणि खोबणीत दबतो. व्हायोलिनवादकाचा डावा हात तासन्‌तास दुमडलेलाच असतो. रात्री हात उशीखाली दुमडून झोपणं, फोन कानाला धरून बसणं त्यात भर घालतं. करंगळी-अनामिका बधिर होऊ लागली किंवा पंजाच्या मागच्या बाजूला अंगठा आणि तर्जनीमधला भाग खोल दिसू लागला तर हाताच्या शल्यविशारदाला दाखवा आणि तंतूची वहनचाचणी, म्हणजे त्यातून संदेश नीट जातो का ते मोजणारी तपासणी, करून घ्या. सुरुवातीच्या तक्रारीत रात्री कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळून झोपलं, कोपर पूर्ण दुमडू दिलं नाही, तर अनेकांना काही आठवड्यांत फरक पडतो.