नऊ वर्षांचं मानसिक वय: बुद्ध्यंकाच्या आकड्यामागचा इतिहास

मूल वर्गात मागे पडतं, शिक्षक पालकांना बोलावून घेतात, पालक सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा खासगी मानसशास्त्रज्ञाकडे जातात, चाचणी होते आणि काही दिवसांनी अहवाल हातात पडतो. अहवाल कितीही पानांचा असला तरी घरात त्यातला एकच आकडा वाचला जातो. ६८ असेल तर आईच्या तोंडचं पाणी पळतं. ७४ असेल तर म्हणजे नक्की काय, हे कोणाला कळत नाही. १३२ असेल तर तो नातेवाइकांत सांगितला जातो. आकडा कमी असो वा जास्त, त्या दिवसापासून मुलाकडे बघण्याची घरच्यांची नजर बदलते. हा आकडा इतका जड कसा झाला, हे समजून घ्यायला पॅरिसपासून सुरुवात करावी लागते.

फ्रान्समध्ये १८८२च्या कायद्याने सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं. तोवर शाळेचं तोंड न पाहिलेली मुलं वर्गात आली. त्यांतल्या काहींना शिकवलेलं डोक्यात शिरेना. अशा मुलांसाठी वेगळे वर्ग काढायचे तर ती निवडायची कशी? शिक्षकांच्या मतावर सोडलं तर दंगेखोर मूलही ‘मंद’ ठरणार आणि गप्प बसणारं खरोखर अडलेलं मूल सुटून जाणार. १९०४ मध्ये सरकारने यासाठी एक आयोग नेमला. त्यात पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठातल्या मानसशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख आल्फ्रेद बिने होते.

बिने यांनी त्याआधी बुद्धीचा माग कवटीच्या मापात काढून पाहिला होता. शाळाशाळांत जाऊन त्यांनी मुलांची डोकी मोजली. हुशार आणि मागे पडलेल्या मुलांच्या मापांत फरक इतका किरकोळ निघाला की त्यांनी तो मार्ग सोडून दिला. शिवाय आपल्याला हवं तेच माप आपण नकळत घेतो की काय, अशी शंकाही त्यांनी जाहीरपणे लिहिली. पुढे या क्षेत्रात ज्यांचा दबदबा झाला त्यांच्यात हा गुण फारसा दिसत नाही.

१९०५ मध्ये बिने आणि त्यांचे तरुण सहकारी डॉ. तेओदोर सिमाँ यांनी तीस कृतींची मालिका प्रसिद्ध केली. पेटलेल्या काडीमागे नजर फिरते का, चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतलं खायचं कोणतं हे कळतं का, ऐकलेले आकडे परत म्हणता येतात का, माशी आणि फुलपाखरू यांत काय फरक, अशी ती चढत्या क्रमाने अवघड होत जाते. १९०८च्या आवृत्तीत त्यांनी या कृती वयानुसार लावल्या. बहुतेक सात वर्षांच्या मुलांना जे जमतं ते जमलं तर मानसिक पातळी सात वर्षांची. मूल दहा वर्षांचं असेल आणि पातळी सातची आली, तर त्याला मदत लागणार. ही कसोटी त्यांनी एवढ्याच कामासाठी बनवली होती.

बिने यांनी तेव्हाच स्पष्ट लिहिलं होतं की लांबी मोजतो तशी बुद्धी या मापाने मोजता येत नाही. बुद्धी म्हणजे जन्मभर न हलणारा ठेवा, असं म्हणणाऱ्यांच्या निर्दय निराशावादाचा आपण विरोध केला पाहिजे, असं त्यांनी १९०९ मध्ये म्हटलं. पॅरिसच्या खास वर्गांत त्यांनी मुलांकडून लक्ष एकवटण्याचे, स्मरणाचे व्यायाम करून घेतले. आपल्याकडे मुलं ‘स्टॅच्यू’ खेळतात तसा निश्चल उभं राहण्याचा खेळही त्यात होता. मुलं सुधारली, आणि याचा त्यांना मनापासून आनंद होता. १९११ मध्ये वयाच्या ५४व्या वर्षी ते गेले आणि त्यांची कसोटी इतरांच्या हाती पडली.

ते इतर वेगळ्या परंपरेतले होते. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी १८६९ पासून बुद्धिमत्ता घराण्यातून उतरते असा सिद्धांत मांडला होता आणि १८८३ मध्ये ‘चांगली’ प्रजा वाढवण्याच्या, ‘वाईट’ प्रजा रोखण्याच्या शास्त्राला नाव दिलं. मराठीत आपण त्याला सुप्रजननशास्त्र म्हणतो. न्यू जर्सीतल्या व्हाइनलंड इथल्या संस्थेत काम करणाऱ्या हेन्री गोडार्ड यांनी बिने यांची कसोटी इंग्रजीत आणली, पण बिने यांची सावधगिरी पॅरिसलाच राहिली. बुद्धीची उणीव रक्तातून येते, म्हणून अशा माणसांना मूल होऊ देऊ नये, असं गोडार्ड यांचं मत होतं. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, बोटीच्या सर्वांत स्वस्त वर्गातून महासागर ओलांडून आलेल्या, थकल्याभागल्या माणसांना दुभाष्यामार्फत त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न विचारले. तपासलेल्या ज्यू, इटालियन, हंगेरियन आणि रशियन लोकांपैकी पाचात चार जण मंदबुद्धी असल्याचं त्यांनी १९१७ मध्ये छापलं. कसोटीतच काही खोट असेल, हा विचार आधी यायला हवा होता.

१९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचं सुचवलं. १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुइस टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणलं, आणि आज ओळखीचा असलेला बुद्ध्यंक तयार झाला. या गणिताने एक मोठा फरक पडला. ‘तीन वर्षं मागे आहे’ म्हटलं की तीन वर्षं भरून काढायची वाट डोळ्यांपुढे येते. ‘सत्तर आहे’ म्हटलं की ती वाट दिसेनाशी होते.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे साडेसतरा लाख जवानांची चाचणी घेतली आणि गोऱ्या जवानांचं सरासरी मानसिक वय तेरा वर्षं निघाल्याची ओरड झाली. प्रौढांची सरासरी बुद्धी प्रौढांच्या सरासरी बुद्धीपेक्षा कमी कशी असेल, असा साधा प्रश्न पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये विचारला. हॉरेस मान बाँड या तरुण कृष्णवर्णीय अभ्यासकाने १९२४ मध्ये सैन्याच्याच आकड्यांतून दाखवलं की उत्तरेकडच्या काही राज्यांतले कृष्णवर्णीय जवान दक्षिणेकडच्या काही राज्यांतल्या गोऱ्यांपेक्षा वरचढ होते. म्हणजे आकडा वंशाचा नव्हता, शाळांचा होता. त्याच सैनिकी चाचण्यांवरून वांशिक उतरंड मांडणारे कार्ल ब्रिगहम यांनी १९३० मध्ये आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. तोवर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

कॅरी बक १९०६ मध्ये शार्लट्सव्हिल इथे जन्मली. लहानपणीच तिला आईपासून काढून एका कुटुंबात ठेवलं होतं. तिथे ती घरकाम करायची. सतराव्या वर्षी ती गरोदर राहिली; त्या कुटुंबाच्या एका नातेवाइकाने तिच्यावर बलात्कार केला होता. कुटुंबाने तिला मंदबुद्धी ठरवून लिंचबर्गजवळच्या, अशा माणसांना ठेवण्याच्या सरकारी वसाहतीत धाडलं. तिची आई एमा तिथे आधीपासूनच होती. बिने यांच्या कसोटीचं टर्मन यांनी जे अमेरिकी रूप केलं होतं, त्यावर कॅरीचं मानसिक वय नऊ वर्षं आणि एमाचं आठच्याही आत नोंदवलं गेलं. कॅरीची मुलगी व्हिव्हियन तेव्हा काही महिन्यांची होती. एका समाजसेविकेने तिच्याकडे पाहून, हे बाळ तितकंसं ठीक दिसत नाही, अशी साक्ष दिली. व्हर्जिनियाने १९२४ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता आणि तो न्यायालयात टिकतो का हे पाहायला सरकारला असं एक प्रकरण हवंच होतं. २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कायदा उचलून धरला. तीन पिढ्या मंदबुद्धींच्या झाल्या, तेवढ्या पुरेत, असं न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिलं. त्या ऑक्टोबरात कॅरीवर शस्त्रक्रिया झाली.

व्हिव्हियन पुढे शाळेत गेली. १९३१ मध्ये तिचं नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत होतं. आठ वर्षांची असताना ती आजारपणाने गेली. कॅरीची बहीण डोरिस हिची नसबंदी अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून केली होती. आपल्याला मूल का झालं नाही, हे तिला म्हातारपणी समजलं. कॅरी १९८३ पर्यंत जगली. तिला भेटलेल्यांनी ती रोज वर्तमानपत्र वाचणारी, साधी शहाणी बाई असल्याचं सांगितलं आहे. अमेरिकेत अशा कायद्यांखाली साठ हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली. १९३३ मध्ये नाझी जर्मनीने असाच कायदा केला, आणि पुढे नाझींवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांत बचावासाठी कॅरीच्या प्रकरणातल्या निकालाचा दाखला दिला गेला.

हे वारं आपल्याकडेही आलं होतं. १९२७ मध्येच कादंबरीकार ना. सी. फडके यांनी भारतात सुप्रजननाची चळवळ व्हावी म्हणून इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याच सुमारास बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत इरावती कर्वे संशोधन करत होत्या. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवणच त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, असं फिशर यांना सिद्ध करायचं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा असा कोणताही संबंध दिसत नाही, असं मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध लिहून दिलं. परक्या देशात, विशीतल्या एका भारतीय बाईने हे करावं, याचं मोल आपण पुरेसं ओळखलेलं नाही.

बिने यांची कसोटी मात्र मराठीत आली ती वेगळ्या हेतूने. मुंबई प्रांतातल्या धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचं रूपांतर केलं. त्यांचं पुस्तक १९४० मध्ये निघालं. परदेशी मुलाच्या ओळखीच्या वस्तू, शब्द आणि प्रसंग इथल्या मुलापुढे ठेवले तर परीक्षा बुद्धीची न होता ओळखीची होते, हे जाणून केलेलं ते काम होतं. आज ‘बिने-कामत’ या नावाने देशभर तीच चाचणी वापरतात. १९५५ मध्ये सी. एम. भाटिया यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही देता येईल असा कृतिसंच बनवला. डेव्हिड वेक्स्लर यांच्या अमेरिकी चाचणीचं भारतीय रूप आर्थर मालिन यांनी नागपूरमध्ये तयार केलं. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या प्रशालेने १९६९ पासून बुद्धिमापनाच्या आधारे मुलं निवडली, त्यामुळे मध्यमवर्गीय घरांत बुद्ध्यंक हा प्रतिष्ठेचा विषय झाला. दुसऱ्या टोकाला, बुद्धी सर्वसाधारण असून वाचता-लिहिताना अडणाऱ्या मुलांना दहावीला सवलती मिळू लागल्या त्या याच चाचण्यांच्या जोरावर. ‘आळशी’, ‘ढ’ म्हणून मार खाणाऱ्या कितीतरी मुलांची त्यातून सुटका झाली. म्हणून चाचणीच मोडीत काढा, असं मी म्हणणार नाही.

पण आकडा कशाच्या तुलनेत काढला, हे विचारलंच पाहिजे. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की अमेरिकेत चाचणीतले सरासरी गुण दर दहा वर्षांनी साधारण तीनने वाढत आले होते आणि इतर अनेक देशांतही अशीच वाढ होती. माणसाची जनुकं दोन पिढ्यांत बदलत नाहीत. बदलल्या त्या शाळा, आहार, आजार आणि विचार करायच्या सवयी. याचा व्यवहारातला अर्थ असा की जुन्या मानकांवर, म्हणजे आधीच्या काळातल्या मुलांच्या सरासरीशी तुलना करून, तपासलं तर मूल खरं आहे त्यापेक्षा वरचढ दिसू शकतं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची रेषा ७०च्या आसपास असताना चार-पाच गुणांच्या फरकाने त्याची मदत हुकू शकते. प्रत्येक मापनात काही गुणांची चूक गृहीत धरलेली असते, तीही घरी पोहोचणाऱ्या कागदावरून सहसा समजत नाही.

आणि आकडा कमी आला की त्या माणसाच्या शरीराचे निर्णय इतरांच्या हाती जातात, हेही आपल्याकडे घडलं. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, असं कारण देण्यात आलं. स्त्री संघटनांनी आणि अपंगांसाठी काम करणाऱ्यांनी आवाज उठवला तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना कोणी विचारलं नव्हतं.

२००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी निवारागृहात बलात्कार झालेल्या एका अनाथ तरुणीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. तिचं मानसिक वय सुमारे नऊ वर्षं सांगितलं होतं. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. तिला मात्र बाळ हवं होतं. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या खंडपीठाने तो आदेश रद्द केला, तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही असं सांगितलं आणि मतिमंदांवर लादलेल्या नसबंदी व गर्भपातांमागचा सुप्रजननाचा विचार लोकशाहीविरोधी असल्याचं निकालात नोंदवलं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात बौद्धिक अक्षमतेची व्याख्या बुद्धीच्या कामाबरोबर रोजच्या जगण्यातल्या वागण्यावरही आधारलेली आहे. त्याच कायद्याच्या कलम १० नुसार, दिव्यांग व्यक्तीची स्वतःची मुक्त आणि समजून-उमजून दिलेली संमती असल्याशिवाय तिला वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया तिच्यावर करता येत नाही.