जास्त ओहम म्हणजे सुरक्षित? व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला हे सांगू नका

"जास्त ओहमचा (म्हणजे करंटला जास्त विरोध करणारा) स्पीकर बिनधास्त लाव, फार तर आवाज कमी येईल." जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा गिटार अ‍ॅम्प दुरुस्तीला काढला की हा सल्ला फुकट मिळतोच. देणारा बहुधा कार स्टिरिओ नाहीतर डीजेच्या सिस्टिममध्ये मुरलेला असतो, आणि त्याच्या कामात तो बरोबरच असतो. गडबड होते ती हा सल्ला 1965 च्या फेंडर डीलक्स रिव्हर्बसारख्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला लावल्यावर.

ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पचं साधं आहे: ओहम निम्मे केले की करंट दुप्पट, आउटपुट गरम, शेवटी धूर. ओहम वाढवले की नुसती ताकद घटते. स्पीकर काढूनच टाकला तरी बिचारा गप्प बसून राहतो.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो, आणि सगळी गोम तिथे आहे. व्हॉल्व्हला भरपूर व्होल्टेज आणि जेमतेम करंट जमतो. स्पीकरला नेमकं उलटं हवं असतं. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेल्या 8 ओहमला स्वतःचा असा अर्थ नाही, ट्रान्सफॉर्मर फक्त स्पीकरचे ओहम ठरावीक पटीत वाढवून व्हॉल्व्हला दाखवतो. डीलक्स रिव्हर्बमध्ये 8 ओहम लावले की आउटपुटच्या दोन 6व्ही6 व्हॉल्व्हना साधारण 6,600 ओहम दिसतात. 16 लावा, 13,200 दिसतील. करंट जवळपास तेवढाच राहतो, म्हणून व्होल्टेज चढतं. मुळात व्हॉल्व्हच्या प्लेटवर (ट्रान्सफॉर्मरला जोडलेल्या टोकावर) चारशेच्या वर व्होल्ट असतात, हे लक्षात घ्या.

आता स्पीकर पूर्ण सुटला असं धरा. पाण्याचा नळ झटकन बंद केल्यावर पाइपात ठोका बसतो ना, तसंच इथे होतं. व्हॉल्व्हने करंट तोडला की ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला वाट उरत नाही आणि व्होल्टेज हजारोंच्या घरात उसळी मारतं. मग सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडते, नाहीतर आतल्या गुंडाळीचं इन्सुलेशन फाटतं. मूळ ट्रान्सफॉर्मर गेला की तसा पुन्हा मिळणं कठीण.

थोडक्यात, ट्रान्झिस्टरला भीती शॉर्टची (दोन्ही टोकं थेट जुळण्याची), व्हॉल्व्हला ओपनची (जोडणी तुटण्याची). फेंडरने तर मुख्य स्पीकर जॅक मुद्दाम असा बसवला की प्लग नसला की आउटपुट आपोआप शॉर्ट व्हावं. पण प्लग आत आणि वायर दुसऱ्या टोकाला तुटलेली असेल, तर त्या जॅकला काही कळत नाही. म्हणून स्पीकरला गिटारची केबल जोडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बारीक तार, वर शिल्डिंग. ती ऐन वाजवताना दगा देते.

दुपटीचा फरक बहुतेक अ‍ॅम्प सोसतात. निवडायचंच झालं तर मी 8 च्या जागी 4 लावीन, 16 नाही. कमी ओहमने व्हॉल्व्ह लवकर झिजले तर नवे मिळतात, ट्रान्सफॉर्मरचं तसं नाही. मात्र फरक नेहमी दुपटीवरच थांबत नाही. फेंडरच्या 1959 च्या बॅसमन अ‍ॅम्पमध्ये 8 ओहमचे चार स्पीकर पॅरलल (शेजारी-शेजारी) जोडलेले, म्हणजे एकूण 2 ओहम. मार्शल कंपनीचं चार स्पीकरचं जुनं कॅबिनेट (स्पीकरची पेटी) 16 ओहमचं. "इकडे चार, तिकडेही चार" म्हणून एकाच्या जागी दुसरं जोडलं तर आठपट फरक पडतो.

वॅटचा घोळ किरकोळ आहे: स्पीकर अ‍ॅम्पच्या साधारण दुप्पट वॅटचा घ्या, विषय संपला. मल्टीमीटरवर 6.4 दिसलं म्हणून स्पीकर 6 ओहमचा ठरवू नका. मीटर फक्त डीसीला, म्हणजे एकाच दिशेच्या करंटला, होणारा विरोध मोजतो. 8 ओहमचा स्पीकर सहा-सातच दाखवणार.

दुरुस्तीला बसलेले लोक आधी कपॅसिटर बदलत सुटतात आणि साठ वर्षांच्या स्पीकरकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्याच्या कोनकडे (पुढच्या कागदी पडद्याकडे) जाणारी लवचिक तार कुजलेली असते, कधी कॉइलच तुटलेली. अ‍ॅम्प चालू करण्याआधी स्पीकरच्या प्लगच्या टोकावर मीटर लावा आणि कोन हलकेच दाबून पाहा. आकडा उड्या मारत असेल तर स्विचला हात लावू नका.

आणि फेंडरला बाहेरचं कॅबिनेट जोडल्यावर आवाजच येत नसेल, तर घाईने व्हॉल्व्ह बदलू नका. बहुधा प्लग एक्स्टेन्शनच्या (जादा स्पीकरच्या) जॅकमध्ये आहे आणि मुख्य जॅक रिकामा, म्हणून आउटपुट शॉर्ट झालंय. प्लग शेजारच्या मुख्य जॅकमध्ये घाला.