काढा (सर्दी-पडशावरील घरगुती)

काढा : मुळे, साली, पाने किंवा मसाल्याचे पदार्थ पाण्यात उकळून, पाणी आटवून व गाळून केलेले पेय. सर्दी, पडसे, घसा धरणे, कणकण, अंग मोडून येणे या तक्रारींवर महाराष्ट्रात व गोव्यात पहिला उपाय म्हणून तो घेतात. आले किंवा सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, तुळस, गवती चहा, ज्येष्ठमध, अडुळसा व गूळ ही त्यातील नेहमीची द्रव्ये होत. जुळणी घरोघरी वेगळी असते. प्रस्तुत नोंद या घरगुती काढ्यापुरती आहे. शास्त्रोक्त क्वाथांचा, म्हणजे वैद्यकग्रंथांत सांगितलेल्या काढ्यांचा, विचार त्याच्या अनुषंगानेच केला आहे.

ग्रंथोक्त प्रमाण व त्याचा काळ : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय ४) स्वरस (पिळलेला रस), कल्क (वाटलेला गोळा), शृत (उकळलेले), शीत (थंड पाण्यात भिजवलेले) व फांट (गरम पाण्यात मुरवलेले) अशा पाच कषायकल्पना, म्हणजे औषध तयार करण्याच्या रीती, सांगितल्या आहेत. त्यांपैकी शृत म्हणजेच क्वाथ वा काढा. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील चोविसावा अध्याय प्रतिश्यायावर, म्हणजे पडशावर, असून त्यात त्याचे पाच प्रकार मानले आहेत. पाणी किती घ्यावे व किती उरवावे याचे नेमके माप मात्र शार्ङ्गधरसंहिता या वैद्यकग्रंथात स्पष्ट मिळते : एक पल (जुने वजन) भरडलेले द्रव्य, त्याच्या सोळापट पाणी, मातीचे भांडे, मंद आच आणि आठवा हिस्सा शेष. दुसऱ्या परंपरेत द्रव्य मऊ असल्यास चौपट, मध्यम असल्यास आठपट व कठीण असल्यास सोळापट पाणी घालून चौथा हिस्सा उरवतात. वैद्यांच्या व्यवहारात आज दोन्ही रीती आढळतात.

शार्ङ्गधराच्या काळाबद्दल एकमत नाही. शार्ङ्गधरपद्धती या सुभाषितसंग्रहाचा कर्ता शार्ङ्गधर हाही संहिताकाराप्रमाणे दामोदराचाच पुत्र असून तो संग्रह सर्वसाधारणपणे इ.स. १३६३ चा मानतात. दोघे एकच असतील, तर संहिता चौदाव्या शतकात येते. याविरुद्ध मुख्य अडचण देवगिरीची आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या आश्रयास असलेल्या बोपदेवाने शार्ङ्गधरसंहितेवर टीका लिहिली असे मानतात. हेमाद्री महादेव (कार. १२६१–७१) व रामचंद्र (कार. १२७१–१३११) या राजांच्या पदरी होता. टीका बोपदेवाचीच असेल, तर मूळ संहिता तेराव्या शतकातील किंवा त्याहूनही आधीची ठरते आणि दोन शार्ङ्गधर वेगळे मानावे लागतात. हाच पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. हेमाद्रीने स्वतः अष्टांगहृदय या वैद्यकग्रंथावर आयुर्वेदरसायन ही टीका रचली होती. तेव्हा देवगिरीच्या परिसरात वैद्यकग्रंथांचा सूक्ष्म अभ्यास चालू होता, एवढे निश्चित.

या मापाचा घरगुती काढ्याशी थेट संबंध आहे. सध्याच्या प्रमाणित कोष्टकाप्रमाणे पल म्हणजे ४८ ग्रॅ. सोळापट पाणी सु. ७६८ मिलि. होते व त्याचा आठवा हिस्सा ९६ मिलि. उरतो. (द्रवपदार्थ दुप्पट घ्यावेत ही परिभाषा येथे लावली, तर आकडे बदलतात, ती लावावी की नाही हा टीकाकारांतील जुना वाद आहे.) म्हणजे शास्त्रोक्त काढ्याच्या दर १०० मिलि.मागे सु. ५० ग्रॅ. द्रव्य वापरलेले असते. घरी सुंठेचा तुकडा, चार मिरी, दोन लवंगा व थोडे ज्येष्ठमध मिळून साधारण ५ ग्रॅ. द्रव्य दोन कप पाण्यात घालून एक कप उरवतात. ते १०० मिलि.मागे अडीच-तीन ग्रॅमच भरते. आयुष मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये पुरस्कारलेल्या ‘आयुष क्वाथ’ या मिश्रणात तुळस ४, दालचिनी २, सुंठ २ व काळी मिरी १ असे भाग असून ३ ग्रॅ. चूर्ण १५० मिलि. उकळत्या पाण्यात घ्यावे असे सांगितले होते. नाव क्वाथ असले, तरी कृतीने तो फांटाच्या, म्हणजे चहाच्या, जवळ जातो. शास्त्रोक्त क्वाथाचे गुण घरगुती काढ्यावर लादणे म्हणूनच योग्य नव्हे. त्याचा सौम्यपणा हाच त्याचा मोठा गुण आहे : पुढे सांगितलेले अपवाद सोडले, तर घरातील मोठ्या माणसांना दिवसातून एकदोनदा तो निर्धास्तपणे देता येतो. २०२० च्या कोविडच्या साथीत अनेकांनी तो दाट करून दिवसातून अनेक वेळा, महिनोन्‌महिने घेतला. जळजळ, तोंड येणे, मूळव्याधीचा त्रास वाढणे या तक्रारी तेव्हा सर्रास ऐकू येत.

गवती चहा : (लॅ. सिंबोपोगॉन सिट्रेटस). भाजीबाजारात आले व पुदिन्याच्या जुडीबरोबर मिळणारे हे गवत परसात ठोंब लावून वाढवतात. त्याला फुले क्वचितच येतात. रानात ते आपोआप वाढलेले सहसा आढळत नाही. त्याचे मूळ स्थान काही जण आग्नेय आशियातील बेटे, तर काही दक्षिण भारत व श्रीलंका मानतात. संस्कृत ग्रंथांतील भूस्तृण म्हणजे हेच गवत, असे अनेक निघंटुकोशांत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशांत, नोंदलेले आढळते. चरकाने भूस्तृणाचा समावेश हरितवर्गात (हिरव्या, ओल्या खाण्याच्या द्रव्यांत) केला असून ते तिखट, उष्ण व मुख शुद्ध करणारे म्हटले आहे. हे वर्णन गवती चहाला जुळते, पण त्याच प्रजातीतील इतर सुगंधी गवतांनाही जुळते. भावप्रकाश या वैद्यकग्रंथात कत्तृण व भूस्तृण ही दोन वेगळी सांगितली आहेत. कत्तृण किंवा रोहिष म्हणजे रोशा गवत (सिं. मार्टिनी), याबद्दल फारसा वाद नाही, खानदेश व निमाड भागांत त्याचे तेल काढण्याचा धंदा होता. दक्षिणेकडील मलबारी गवत (सिं. फ्लेक्झुओसस) रानात उगवते व गवती चहाप्रमाणे त्याच्या तेलातही सिट्रल हे लिंबाच्या वासाचे द्रव्य असते. ठोंबांवरच टिकून राहिलेल्या वनस्पतीपेक्षा चरकाचे भूस्तृण असे एखादे रानगवत असण्याचा संभव अधिक दिसतो. कोशांतील सरसकट समीकरण सावधपणे घ्यावे.

गवती चहाच्या तेलात सिट्रल साधारण ६५ ते ८५ टक्के असते व ते वाफेबरोबर उडून जाते. कृतीचा क्रम त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. सुंठ, मिरी, दालचिनी व ज्येष्ठमध खलबत्त्यात जाडसर ठेचून आधी उकळतात. पात धुऊन, कात्रीने बोटभर कापून किंवा दोनतीन पाती एकत्र घेऊन त्यांची गाठ मारून, तुळशीच्या पानांबरोबर शेवटी टाकतात. लगेच आच बंद करून वर झाकण ठेवतात. पाचेक मिनिटांनी झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब भांड्यातच निथळू द्यावेत. वास त्यांत उतरलेला असतो. पात सुरुवातीपासून उकळली, तर वास स्वयंपाकघरभर पसरतो व काढ्यात तिचा तुरटपणाच उरतो.

इतर द्रव्ये : ओल्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉलमुळे असतो. वाळताना त्यातील काही भागाचे शोगाओल बनते व ते अधिक झणझणीत असते; सुंठ आल्यापेक्षा बेताने घालतात ती यामुळे. अडुळशातील व्हॅसिसीन या अल्कलॉइडाच्या अभ्यासातून ब्रोमहेक्सीन हे कफ सुटा करणारे औषध निघाले. व्हॅसिसीनाची गर्भाशयावर क्रिया होते, म्हणून गरोदर स्त्रियांना अडुळसा देऊ नये. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिनामुळे रक्तातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. रक्तदाबाच्या रोग्याने आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने ते रोज घेणे टाळावे. हळदीतील कुर्क्युमीन आतड्यात अगदी थोडे शोषले जाते. बंगळुरातील संशोधकांनी १९९८ मध्ये मिरीतील पायपेरिनाबरोबर दिल्यास ते माणसांत सु. वीसपट उपलब्ध होते असे दाखवले. पण त्या प्रयोगातील २ ग्रॅ. कुर्क्युमीन हळदीच्या दुधाच्या एका पेल्यात कधीच नसते.

किराईताबाबत घोटाळा होतो. कोकणात व गोव्यात तापावर देतात ते किराईत परसात वाढणारे ॲन्ड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा होय. काष्ठौषधींच्या दुकानात काडेचिराईत म्हणून मिळते ते हिमालयातील स्वर्टिया चिरायिता. दोन्ही कडूजहर असली, तरी कुळे निराळी आहेत. वरच्या श्वसनमार्गाच्या विकारांवर चाचण्या झाल्या आहेत त्या मुख्यतः पहिल्यावर. गुळवेलीचेही तसेच. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ती दुसऱ्या जातीची वेल असावी असा आक्षेप घेतला. वाद मिटेपर्यंत यकृताचा किंवा स्वप्रतिकारक्षमतेचा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) विकार असलेल्यांनी गुळवेल टाळणे हेच शहाणपणाचे.

उपयुक्तता : साधे पडसे दोनशेहून अधिक विषाणूंमुळे होऊ शकते. ऱ्हायनोव्हायरस त्यांत प्रमुख असून त्याची वाढ ३३–३५° से.ला, म्हणजे नाकाच्या आतील तापमानाला, जोमाने होते. पडसे बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप बरे होते. काढ्याने विषाणू मरतो याला आधार नाही. गरम पेयाने आराम मात्र खरोखर पडतो. वेल्समधील कार्डिफ येथे ३० जणांवर केलेल्या प्रयोगात (२००८) फळांचे एकच पेय काहींना गरम व काहींना साध्या तापमानाला दिले. गरम पेयाने नाक वाहणे, खोकला, शिंका, घसादुखी, हुडहुडी व थकवा यांत लगेच उतार वाटला. नाकातून हवा किती जाते हे यंत्राने मोजले, तेव्हा मात्र फरक दिसला नाही. काढ्याच्या लौकिकाचा बराच भाग यातच असावा, आणि आजाऱ्याच्या दृष्टीने तो क्षुल्लक नव्हे.

मधाने मुलांचा रात्रीचा खोकला काहीसा कमी होतो, असे कॉक्रेन या संस्थेने वैद्यकीय चाचण्यांच्या घेतलेल्या आढाव्यात (२०१८) दिसते. एक वर्षाच्या आतील मुलांना मात्र बॉट्युलिझम या जिवाणूजन्य विषबाधेच्या धोक्यामुळे मध चाटवू नये; बाळगुटीतही नको. वाफाऱ्याविषयीचा पुरावा विसंगत असून भाजण्याचा धोका खरा आहे. कढत पाण्याच्या पातेल्यावर डोक्यावरून पांघरूण घेऊन मुलांना बसवू नये. तव्यावर शेकलेली ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने ओव्यातील थायमॉलच्या वासामुळे नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. तीत कापूर घालून ती तान्ह्या बाळाजवळ ठेवणे धोक्याचे आहे. कापराने झटके येऊ शकतात.

प्रतिबंधाच्या बाबतीत काढ्यापेक्षा साधे पाणी वरचढ ठरते. साबणाने हात धुण्याचा फायदा निर्विवाद आहे. जपानमध्ये ३८७ निरोगी व्यक्तींवर झालेल्या चाचणीत (२००५) साध्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांत श्वसनमार्गाचे विकार सु. एक तृतीयांशाने कमी झाले, आयोडीनयुक्त औषधाने गुळण्या करणाऱ्यांत तसे दिसले नाही.

फ्ल्यू व मर्यादा : फ्ल्यू म्हणजे मोठे पडसे नव्हे. ताप एकाएकी चढतो व अंग ठणकते. पहिल्याच दिवशी माणूस अंथरूण धरतो. १९१८ ची साथ जूनमध्ये मुंबईत उतरली. मराठी मुलखात तिला मानमोडी म्हणत. देशातील मृतांचा तत्कालीन सरकारी अंदाज सु. ६० लाख होता. अलीकडील अभ्यासक सव्वा कोटीहून अधिक मानतात. घरगुती उपचारांना तिच्यापुढे काही करता आले नाही. आज लस दरवर्षी घेता येते. ओसेल्टामिव्हिर हे विषाणूविरोधी औषध वैद्यकीय सल्ल्याने पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते. प्रतिजैविकांचा विषाणूवर परिणाम होत नाही. मुलांना ॲस्पिरीन देऊ नये.

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी, किंवा ताप उतरून पुन्हा चढणे अशी लक्षणे दिसल्यास काढा करत बसू नये. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० वा अधिक, व एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० वा अधिक असेल, तर न्यूमोनियाचा संशय धरतात. गरोदर स्त्रिया, वृद्ध, दमेकरी व मधुमेही यांनी आधीच डॉक्टरांकडे जावे. पावसाळ्यात नाक न वाहता आलेला ताप डेंग्यू वा मलेरियाचाही असू शकतो. रक्त तपासून घेणे इष्ट.

बाजारी काढे : औषधाच्या दुकानात काढा म्हणून मिळणाऱ्या दशमूलारिष्टासारख्या अनेक बाटल्या वस्तुतः आसव-अरिष्टे असतात. ती आंबवलेली असून त्यांत स्वयंजनित मद्यार्क असतो. मुलांना घरच्या काढ्याऐवजी ती देणे चुकीचे. परदेशातील मराठी कुटुंबे गवती चहा बहुधा थाई वा व्हिएतनामी दुकानांतून आणतात. तेथे पातीऐवजी जाड बुडखा मिळतो. तो वरवंट्याने ठेचून सुंठेबरोबर उकळावा लागतो.