हात सरळ, मगच आकडा: केटलबेलमधल्या लॉकआउटची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या जिममध्ये केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा, आता नवलाईची राहिलेली नाही. बहुतेक जण ती नुसती झुलवतात. पण कुणी स्पर्धेच्या पद्धतीनं सराव करायला लागला की पहिली कुरबुर ठरलेली: वजन डोक्यावर गेलं की, मग पंचानं आकडा का धरला नाही? तालमीत वाढलेल्या पोराला तर हा शुद्ध अन्याय वाटतो. करेला (तालमीतला जड लाकडी मुद्गर) फिरवताना फेरे मोजतात, कोपर कुणी बघत नाही.

स्पर्धेत मात्र कोपरच बघतात. जर्कमध्ये, म्हणजे पायांच्या झटक्यानं वजन छातीपासून डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, दोन्ही गोळे वर गेले की कोपर सरळ (हाच लॉकआउट), गुडघे सरळ, आणि धड व वजन दोन्ही थांबलेलं दिसलं पाहिजे. याला फिक्सेशन म्हणतात. ते दिसलं की पंच आकडा वाढवतो. त्याआधीच गोळे खाली सोडले, किंवा अर्ध्यात अडकलेलं वजन दंडाच्या जोरावर रेटून सरळ केलं, तर 'नो काउंट'. मेहनत केली, हातात काही नाही.

हा कडकपणा पहिल्यापासून नव्हता. मुळात केटलबेल ही रशियातल्या बाजारातली वजनमापं. एक पूड म्हणजे सुमारे १६.३८ किलो, आजही स्पर्धेत दिसणारी १६, २४ आणि ३२ किलोची वजनं म्हणजे ढोबळमानानं एक, दीड आणि दोन पूड. जत्रेत आणि सर्कशीत ताकद दाखवायला ती उचलली जायची, तिथं पंच कुठला, लोकांनी वाहवा केली की झालं. डॉ. व्लादिस्लाव क्रायेव्हस्की यांनी १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला हौशी व्यायामपटूंचं मंडळ काढलं आणि या प्रकाराला जरा शिस्त आली. सोव्हिएत काळात गावोगावी आणि सैन्यात स्पर्धा होऊ लागल्या. त्यात जर्क आणि स्नॅचबरोबर (एका हातानं गोळा खालून थेट डोक्यावर नेणं) प्रेसही असे.

खरी अडचण या प्रेसनं केली. पायांचा झटका न देता वजन वर ढकलायचं, असा तो प्रकार. थकलेला माणूस कमरेतून मागं कलतो, गुडघ्यानं चोरटा धक्का देतो. त्यातलं किती चालवून घ्यायचं? वेटलिफ्टिंगमध्येही हाच घोळ झाला होता. प्रेसचा निवाडा नीट करता येईना, म्हणून १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकारच काढून टाकला. पुढं केटलबेलमधूनही प्रेस गेला. हा नुसता योगायोग असावा, असं मला वाटत नाही. वजन वर कसं गेलं यावर वाद घालत बसण्यापेक्षा वर जाऊन थांबलं का, एवढंच बघणं पंचाला सोपं पडतं.

१९८५ मध्ये लिपेत्स्कला पहिली सोव्हिएत राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा वेळेचं बंधन नव्हतं. अंगात दम आहे तोवर उचलत राहायचं. खासबाग मैदानात वेळेचं बंधन नसलेली निकाली कुस्ती बघितलेल्या माणसाला यातली गंमत आणि डोकेदुखी, दोन्ही कळतील. अशा डावात वर हात ताठ करून थांबणं हीसुद्धा विश्रांती होती, त्यामुळं फिक्सेशन दाखवायला कुणी कुरकुरत नसावं. नंतर दहा मिनिटांची मर्यादा आली आणि तोच थांबा महाग झाला. प्रत्येक खेपेला अर्धा सेकंद वाचवला तर शंभर खेपांत पन्नास सेकंद हातात येतात. मग वर टेकवल्यासारखं करून लगेच खाली आणायचा मोह होणारच. माझ्या मते आजचा कडकपणा टिकून आहे तो घड्याळामुळं.

आठव्या मिनिटाला जवळून बघावं. बार्बेलचा (लांब दांड्याच्या वजनाचा) भार तळहाताच्या रेषेत राहतो. केटलबेलचा गोळा मनगटामागं, मनगट आणि कोपराच्या मधल्या भागावर टेकलेला असतो आणि हाताला मागं ओढत राहतो. घामानं मूठ सरकते. कोपर सरळ झालेलं असतं, पण गुडघा किंचित वाकलेला. किंवा उजवा गोळा थांबतो आणि डावा अजून डुलत असतो. दोन्ही थांबेपर्यंत आकडा नाही. प्रत्येक खेळाडूसमोर एक पंच बसून हे सतत दहा मिनिटं बघतो. वेटलिफ्टिंगसारखे तीन पंच आणि लाल-पांढरे दिवे इथं नसतात.

आपल्या जिल्ह्याला दंड रेटून सरळ केल्याची शिक्षा नवी नाही. कुरुंदवाडनं २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगची तीन ब्राँझ पदकं आणली. तिथल्या पोरांना 'प्रेस आउट', म्हणजे वजन असं रेटून सरळ करण्याचा दोष, समजावून सांगावा लागत नाही. अडचण येते ती कुस्तीतून आलेल्यांची. कितीतरी पैलवानांचं कोपर जुन्या दुखापतीनं पूर्ण सरळ होतच नाही. त्यासाठी नियमात सोय आहे: डाव सुरू होण्याआधीच पंचाला हात दाखवायचा. तो हात जितका सरळ होतो, तितकाच त्याच्यासाठी लॉकआउट धरतात. डाव सुरू झाल्यावर सांगून उपयोग नाही.