जहाज नेमके किती दूर? किनारी तोफखान्याच्या टेहळणी चौक्यांचे गणित

दहावीच्या भूमितीत दीपगृहावरून जहाजाकडे पाहणाऱ्या निरीक्षकाचे एखादे उदाहरण हमखास असते. दीपगृहाची उंची आणि जहाजाकडे पाहताना होणारा अवनत कोन, म्हणजे नजर आडव्या रेषेपासून जितकी खाली झुकते तो कोन, दिलेला असतो आणि त्यावरून जहाजाचे अंतर काढायचे असते. किनाऱ्यावरच्या अवजड तोफांनी बंदरांचे रक्षण करण्याची पद्धत अनेक दशके याच उदाहरणावर उभी होती. मात्र पुस्तकातला कोन सोयीचा म्हणून ३० किंवा ६० अंशांचा घेतलेला असतो, तर समुद्रसपाटीपासून १०० मीटर उंचीच्या कड्यावरून १० किलोमीटरवरच्या जहाजाकडे पाहताना तो जेमतेम ०.६ अंश भरतो, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

ब्रिटिश तोफखान्यातील वॉटकिन या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तत्त्वावर चालणारे उपकरण तयार केले. दुर्बिणीतली आडवी रेघ जहाजाच्या पाणरेषेवर, म्हणजे जहाजाची बाजू जिथे पाण्याला भिडते तिथे, टेकवली की अंतर थेट मोजपट्टीवर वाचता येई. पुढच्या सुधारित उपकरणात अंतराबरोबर दिशाही मिळू लागली आणि हे दोन्ही आकडे विजेच्या तारांवरून तोफांजवळच्या तबकड्यांवर पोहोचू लागले. त्यामुळे तोफेजवळच्या माणसाला जहाज दिसण्याची गरजच उरली नाही. तोफ टेकडीच्या आडोशाला लपवावी आणि टेहळणीची चौकी मात्र जिथून समुद्र सर्वांत चांगला दिसतो तिथे बांधावी, ही वाटणी तेव्हापासून रूढ झाली.

या उपकरणाला तीन गोष्टी सतत त्रास देत. पृथ्वी गोल असल्यामुळे १० किलोमीटरवरचे पाणी निरीक्षकाच्या पायाखालच्या सपाटीपेक्षा सुमारे ८ मीटर खाली गेलेले असते. हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो आणि त्यातली थोडी घट भरून काढतो. आणि भरती-ओहोटीमुळे चौकीची पाण्यापासूनची उंचीच दिवसभर बदलत राहते. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे ५ मीटरचा फरक पडू शकतो. १०० मीटर उंचीच्या चौकीने तो हिशेबात धरला नाही, तर १० किलोमीटरवर अंतर अर्ध्या किलोमीटरने चुकेल. म्हणून पाण्याची पातळी पाहून उपकरण पुन्हापुन्हा जुळवून घेणे हे चौकीचे नित्याचे काम होते.

यापेक्षा मोठी अडचण भूमितीतच दडलेली आहे. कोन मोजताना एका अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली, तर १०० मीटर उंचीवरून १० किलोमीटरवर अंतरात सुमारे ३०० मीटरचा फरक पडतो. अंतर दुप्पट केले की चूक चौपट होते, म्हणजे २० किलोमीटरवर ती सव्वा किलोमीटरच्या आसपास जाते. तोफांचा पल्ला वाढत असताना ही पद्धत मागे पडणार हे उघड होते. त्यातच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासारख्या सपाट वाळूच्या प्रदेशात चौकी बांधायला उंच कडेच नव्हते.

डेलावेअर उपसागराच्या मुखाशी, केप हेनलोपन येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या फोर्ट माइल्सचे उदाहरण यासाठी पाहण्याजोगे आहे. तिथल्या १६ इंची तोफा सुमारे एक टन वजनाचा गोळा ४० किलोमीटरपर्यंत फेकू शकत. किनाऱ्यावर काँक्रीटचे गोल मनोरे बांधले गेले, पण त्यांतल्या उंच मनोऱ्यांचीही उंची २३ मीटरच्या आसपासच होती. एवढ्या उंचीवरून क्षितिज साधारण १७ किलोमीटरवर येते. त्यापलीकडच्या जहाजाची पाणरेषा क्षितिजाखाली जाते आणि डोलकाठ्या व वरचे मजले तेवढे दिसत राहतात. जिथे पाणरेषाच दिसत नाही, तिथे अवनत कोन मोजणार कशाचा?

यावरचा उपाय म्हणजे तो त्रिकोणच आडवा पाडणे. किनाऱ्यावर काही किलोमीटर अंतराने दोन मनोरे घ्यायचे, त्यांमधले अंतर आधी काटेकोर मोजून ठेवायचे आणि दोन्हींकडून जहाजाचा फक्त दिशाकोन, म्हणजे ते कोणत्या दिशेला आहे हे सांगणारा आडवा कोन, घ्यायचा. त्रिकोणाचा पाया आता २३ मीटरचा राहत नाही, तो १० किलोमीटरचा होतो. आणि २० किलोमीटरवरच्या लक्ष्याच्या बाबतीत, साठाव्या भागाच्या त्याच चुकीने पडणारा फरक दहा-पंधरा मीटरवर येतो. डोलकाठीचे टोक दिसले तरी काम भागते.

प्रत्यक्ष काम अत्यंत शिस्तीचे होते. ठरावीक अंतराने, बहुधा २० किंवा ३० सेकंदांनी, दोन्ही मनोऱ्यांत, नकाशाच्या खोलीत आणि तोफांपाशी एकाच वेळी घंटा वाजे. अरुंद आडव्या फटीतून दुर्बीण रोखून बसलेला निरीक्षक घंटेच्या ठोक्याला उभी रेघ जहाजाच्या ठरलेल्या भागावर स्थिर करी, शेजारचा सैनिक अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत कोन वाचून तो टेलिफोनवर सांगे आणि नकाशाच्या खोलीत दोन पट्ट्या त्या कोनांवर सरकवून जिथे एकमेकींना छेदत तिथे बिंदू उमटवला जाई. दोन्ही मनोरे एकाच जहाजाकडे पाहत आहेत ना, याची खात्री करणे हे सांगायला सोपे आणि ताफा समोर असताना फार कठीण काम होते. शिवाय बिंदू मिळून भागत नसे. लांब पल्ल्याचा गोळा मिनिटभराहून अधिक वेळ हवेत असतो आणि ३० नॉट (ताशी सुमारे ५५ किलोमीटर) वेगाचे जहाज मिनिटात ९०० मीटरहून जास्त पुढे जाते, म्हणून आधीच्या बिंदूंच्या रांगेवरून पुढचे स्थान काढून तोफ तिकडे वळवावी लागे. गोळा पडल्यावर उसळणारा पाण्याचा फवारा लक्ष्याच्या अलीकडे की पलीकडे, हे पाहून दुरुस्ती सांगणे हेही चौकीचेच काम होते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्यापलेल्या, इंग्लिश खाडीतील चॅनल बेटांवर जर्मन नौदलाने बांधलेले मनोरे याच कल्पनेचे टोक म्हणावे लागतील. गर्न्सीवरील प्लेमाँ येथील मनोऱ्यात एकावर एक मजले असून प्रत्येकाला समुद्राच्या बाजूस फट आहे, कारण एकेक मजला एकेका तोफ-बॅटरीसाठी, म्हणजे एकत्र चालणाऱ्या तोफांच्या गटासाठी, राखलेला होता. काँक्रीट मात्र या व्यवस्थेतला सर्वांत मजबूत भाग होता, आणि दुबळा भाग होता तारांचा. नॉर्मंडीतील लाँग-स्युर-मेर येथे चार १५० मिलिमीटर तोफांसाठी कड्याच्या काठावर दुमजली चौकी होती. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, त्याआधीच्या बॉम्बवर्षावात ती शाबूत राहिली, पण तिला तोफांशी जोडणाऱ्या तारा तुटल्या. तोफा दिवसभर झाडल्या गेल्या खऱ्या, पण चौकीच्या आकड्यांविना.

धुक्यासमोर तर सगळेच हतबल होते. १२ फेब्रुवारी १९४२ रोजी शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाऊ आणि प्रिन्स ऑयगेन ही जर्मन जहाजे भरदिवसा डोव्हरच्या सामुद्रधुनीतून निघाली, तेव्हा कड्यांवरच्या चौक्यांना ती दिसलीच नाहीत. डोव्हरजवळच्या साउथ फोरलंडच्या ९.२ इंची तोफांनी नव्या रडारच्या भरवशावर ३३ गोळे झाडले. जहाजे कुठे आहेत ते रडार सांगत होते, पण गोळे कुठे पडत आहेत हे डोळ्यांना दिसत नव्हते, त्यामुळे दुरुस्ती करता आली नाही आणि एकही गोळा लागला नाही.

तरीही दिशा ठरून गेली होती. त्याच सुमारास अमेरिकेनेही आपल्या किनारी तोफखान्यासाठी स्वतंत्र रडार तयार केले आणि त्याचे अँटेना पुष्कळ ठिकाणी पाण्याच्या टाकीच्या सोंगात लपवून उभारले. अंतर मोजायला आता ना उंची लागत होती, ना दोन मनोरे. फोर्ट माइल्सच्या तोफांवर शत्रूच्या जहाजावर गोळा झाडण्याची वेळ कधी आलीच नाही. मे १९४५ मध्ये यू-८५८ ही जर्मन पाणबुडी तिथे आली, ती शरण येण्यासाठी. विमाने आणि क्षेपणास्त्रांच्या युगात खुद्द किनारी तोफाच निरुपयोगी ठरल्या. १९५० मध्ये अमेरिकेने आपले किनारी तोफखान्याचे दल बंद केले आणि १९५६ मध्ये ब्रिटननेही तेच केले.