वीजदर खरंच गुपचूप वाढतात का?

बिल हातात पडलं की सोसायटीच्या जिन्यात हमखास ऐकू येतं, ‘महावितरणने पुन्हा गुपचूप दर वाढवले.’ तसं नसतं. दर ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. वीज कायदा 2003 च्या कलम 64 नुसार कंपनीला आपला प्रस्ताव आधी प्रसिद्ध करावा लागतो. लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाने 120 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. जाहिरात पेपरात येते, पण अक्षर इतकं बारीक की चष्म्यानेही हात टेकावेत! बिलावरचा ‘इंधन समायोजन आकार’, म्हणजे इंधन आणि वीजखरेदीच्या खर्चातला फरक, मात्र जाहीर सुनावणीविनाही मधेच बदलतो. संशयाचं मूळ बहुधा तिथेच. बिलावरचं ‘वीज शुल्क’ तर सरकारी कर, तो राज्याच्या तिजोरीत जातो. गॅस सिलिंडरचं निराळं: तिथे दरासाठी अशी जनसुनावणीच नाही.